काचेच्या सपाट तळावरची शंभर वर्षे

१९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. औषधाचे नाव फियालुरिडिन. हिपॅटायटिस-बी विषाणूमुळे यकृताला दीर्घकाळ सूज असलेले १५ रुग्ण ते घेत होते. सुरुवातीला विषाणू कमी होताना दिसला आणि सर्वांच्या आशा वाढल्या. मग काही आठवड्यांनी एकेका रुग्णाचे यकृत बिघडू लागले. औषध लगेच थांबवले, पण हानी थांबली नाही. ७ रुग्णांची यकृते निकामी झाली. त्यांतले ५ दगावले आणि २ जण यकृताच्या प्रत्यारोपणामुळे वाचले.

हे औषध आधी प्राण्यांवर तपासलेले नव्हते असे नाही. तपासले होते, पण तिथे या धोक्याची खूण दिसली नव्हती. कारण पुढे २००६ मध्ये कळले. पेशीतील तंतुकणिकेच्या पटलावर माणसात एक वाहक प्रथिन असते, ते या औषधाला आत घेते. उंदराच्या तंतुकणिकेवर ते प्रथिन नसते. म्हणजे उंदराच्या पेशीतल्या या ‘वीजघरा’चे दार औषधाला बंद होते, माणसाचे मात्र उघडे होते.

मग साहजिकच प्रश्न पडतो की, प्राण्यांऐवजी माणसाच्याच यकृताच्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांवर औषध का तपासू नये? तसे करता येते, फक्त त्यात एक अडचण आहे. शरीरातून काढलेल्या यकृताच्या पेशी बशीच्या सपाट तळावर पसरल्या की काही दिवसांतच यकृताची कामे करेनाशा होतात. त्या जिवंत असतात, पण आपण यकृताच्या पेशी आहोत हे जणू विसरतात. पेशी असे का विसरतात आणि त्यांना आठवण कशी करून द्यायची, हे समजायला विज्ञानाला सुमारे शंभर वर्षे लागली. त्या शंभर वर्षांची ही हकिगत आहे.

एकाच वर्षातले दोन प्रयोग

१९०७ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी अमेरिकेत दोन प्रयोग प्रसिद्ध झाले.

पहिला प्रयोग रॉस हॅरिसन यांचा. चेतातंतू हा चेतापेशीतून बाहेर वाढतो की आसपासच्या पदार्थापासून बनतो, यावर तेव्हा वाद होता. हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील चेताऊतीचा बारीक तुकडा घेतला, बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेच्या चकतीखाली उलटा टांगला. जंतूंचा अभ्यास करणारे ही युक्ती आधीपासून वापरत होते. लसिका गोठली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतून तंतू बाहेर सरकताना प्रत्यक्ष दिसला. वाद मिटला, शिवाय शरीराबाहेर ऊती जगवण्याचे शास्त्र, म्हणजे ऊतिसंवर्धन, येथून सुरू झाले.

दुसरा प्रयोग एच. व्ही. विल्सन यांचा. त्यांनी समुद्रातला जिवंत स्पंज घेतला आणि पीठ चाळण्याच्या रेशमी कापडातून पिळून काढला. स्पंजाच्या सुट्या पेशी आणि पेशींचे छोटे पुंजके समुद्राच्या पाण्यात गाळासारखे तळाशी बसले. विल्सन पाहत राहिले. त्या पेशी हळूहळू सरकू लागल्या, एकमेकींना चिकटल्या, त्यांचे गोळे झाले आणि काही दिवसांनी त्या गोळ्यांत पुन्हा स्पंजाच्या पोकळ्या आणि नळ्या तयार झाल्या. कोणी नकाशा दिला नव्हता, कोणी गवंडीकाम केले नव्हते. घर बांधण्याचे ज्ञान विटांमध्येच होते.

आज मागे वळून पाहिले तर असे दिसते की, औषधशास्त्राने पुढची कित्येक दशके हॅरिसन यांचा रस्ता धरला आणि विल्सन यांचा रस्ता जवळजवळ विसरला. असे का झाले?

मोजायला सोपे ते रूढ झाले

याचे उत्तर सोयीत आहे. सूक्ष्मदर्शकाला पातळ वस्तू लागते. एका थराच्या पेशी स्पष्ट दिसतात, मोजता येतात, त्यांचे चित्र घेता येते. ट्रिप्सिन या विकराने त्या तळावरून सोडवून दुसऱ्या बाटलीत पेरता येतात. गोळ्यातल्या पेशींचे यातले काहीच सहज होत नाही.

१९५१ साली दोन गोष्टी घडल्या. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या ३१ वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोचल्या. त्या थांबेचनात, सतत विभागत राहिल्या. बाटलीत अखंड वाढणारी ही माणसाची पहिली पेशीमालिका. तिला ‘हेला’ म्हणतात. पोलिओच्या लशीची पारख करण्यासाठी या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढवण्यात आल्या. मात्र पेशी घेताना लॅक्स यांची संमती घेतलेली नव्हती, आणि त्या त्याच वर्षी वारल्या.

दुसरी गोष्ट हंगेरीतली. तिथले ग्युला ताकाची यांनी इन्फ्लुएन्झाच्या तपासण्या थोडक्या साहित्यात करण्यासाठी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात ओळीने छोटे खळगे कोरले. शंभर परीक्षानळ्यांचे काम एका हातात मावणाऱ्या पट्टीवर आले. पुढे ८ गुणिले १२, म्हणजे ९६ खळग्यांची पट्टी जगभर रूढ झाली, नंतर ३८४ आणि १५३६ खळग्यांचीही. अखंड वाढणाऱ्या पेशी आणि खळग्यांची पट्टी ही जोडी जमली आणि औषधांची घाऊक चाळणी शक्य झाली. १९९० पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने माणसाच्या ६० निरनिराळ्या कर्कपेशीमालिकांवर हजारो रसायने तपासायला सुरुवात केली.

या घराण्याची एक शाखा मुंबईत आली, ती आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवी. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबईत डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते.

सपाट तळावरील या पेशींनी विज्ञानाला पुष्कळ दिले, हे नाकारून चालणार नाही. पण शरीरात कोणतीही पेशी अशी राहत नाही. तिला चहूबाजूंनी शेजारी असतात, भोवती प्रथिनांचे मऊ जाळे असते. प्लॅस्टिकचा तळ तर शरीरातील मऊ ऊतींपेक्षा लाखो पटींनी टणक असतो. अशा तळावर पेशी पोळीसारखी लाटली जाते आणि प्रत्येक पेशीला अन्न, प्राणवायू आणि औषध सारखेच मिळते. शरीरात तसे मुळीच नसते.

गोळा परत येतो

गर्भविज्ञानाचे अभ्यासक मात्र विल्सन यांचा प्रयोग विसरले नव्हते. १९५२ मध्ये आरॉन मोस्कोना यांनी कोंबडीच्या गर्भातील पेशी ट्रिप्सिनने सुट्या केल्या आणि त्या पुन्हा एकत्र येऊन ऊती बनवतात हे दाखवले. १९५५ मध्ये टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी उभयचरांच्या गर्भातील वेगवेगळ्या थरांच्या पेशी मिसळल्या, तेव्हा त्या आपोआप वेगळ्या झाल्या. त्वचेच्या पेशी बाहेर आल्या, आतल्या थराच्या आत गेल्या. ही समज स्पंजापुरती नव्हती तर.

१९७०च्या सुमारास रॉबर्ट सदरलँड यांनी हॅम्स्टरच्या पेशी ढवळत्या द्रवात वाढवून त्यांचे गोळे बनवले. या गोळ्यांची रचना छोट्या गाठीसारखी होती. बाहेरच्या थरातील पेशी जोमाने वाढत, त्यांच्या आतील अर्धपोटी असत आणि मध्यभागी मृत पेशी असत. औषध किंवा किरणोपचार यांचा परिणाम प्रत्येक थरावर वेगळा होतो हे यातून उमगले.

येथे वर्गात करण्याजोगे एक गणित आहे. ऊतीत रक्तवाहिनी नसेल तर प्राणवायू सुमारे ०.२ मिलिमीटर खोलीपर्यंतच पुरेसा पोचतो असे धरू. ०.२ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोणीच उपाशी राहत नाही. त्रिज्या ०.५ मिलिमीटर असेल तर आत ०.३ मिलिमीटर त्रिज्येचा उपाशी गाभा उरतो. घनफळाच्या हिशेबाने तो ०.६ चा घन, म्हणजे सुमारे २२ टक्के. त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर ०.८ चा घन, म्हणजे ५१ टक्के. अर्धा गोळा उपाशी! विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी दाखवायचे असेल तर बटाट्याचे १, २ आणि ३ सेंटिमीटर बाजूचे घन कापून आयोडीनच्या पातळ द्रावणात ठेवावेत. थोड्या वेळाने मधोमध चिरले तर काळसर निळ्या पट्टीची जाडी सगळ्यांत जवळजवळ सारखी दिसेल, न रंगलेला भाग मात्र मोठ्या घनात कितीतरी जास्त असेल.

शेजार बदलला की वागणूक बदलते

केवळ गोळा पुरेसा नव्हता. पेशींभोवतीचे जाळेही हवे होते. ते एका अनपेक्षित ठिकाणी सापडले. उंदरातली एक विशिष्ट गाठ असे जाळे भरपूर बनवते. जॉर्ज मार्टिन, हिंडा क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाठीतून हा पदार्थ वेगळा केला. थंड असताना तो द्रव असतो, शरीराच्या तापमानाला त्याची जेली होते. ‘मॅट्रिजेल’ या नावाने तो पुढे जगभर गेला.

कॅलिफोर्नियात मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या स्तनग्रंथीच्या पेशी सपाट तळावर वाढवल्या तर त्या दुधाची प्रथिने बनवणे सोडत. त्याच पेशी या जेलीत ठेवल्या तर त्या पोकळ फुग्यांसारख्या रचना करत आणि पोकळीत दुधाची प्रथिने सोडत. १९९२ मध्ये या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. सपाट तळावर निरोगी आणि कर्करोगी पेशी ओळखणे कठीण जाते. जेलीत मात्र निरोगी पेशी नीटस गोल रचना करतात आणि कर्करोगी पेशींचे वेडेवाकडे पुंजके होतात. १९९७ मध्ये तर कर्करोगी पेशींच्या पृष्ठभागावरील, भोवतीच्या जाळ्याला धरणाऱ्या एका प्रथिनाला प्रतिपिंडाने अडवले, तेव्हा त्या पेशी निरोगी पेशींसारख्या शिस्तीत बसल्या. त्यांची बिघडलेली जनुके तशीच होती, बदलला होता तो शेजाराशी असलेला संवाद.

आम्हांला हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. पेशीत काय लिहिले आहे हे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कुठे आणि कोणाजवळ बसली आहे हेही.

मूलपेशींचे आगमन

आता फक्त योग्य बीज हवे होते. शरीरात काही पेशी अशा असतात की त्या स्वतःसारख्या पेशीही बनवतात आणि कामाच्या पेशीही. त्यांना मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणतात. आपल्या आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होते ते मूलपेशींच्याच जोरावर. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये आतड्यातील मूलपेशींची नेमकी ओळखखूण शोधली. २००९ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील अशी एकेक मूलपेशी मॅट्रिजेलच्या थेंबात ठेवली आणि वाढीच्या सूचना देणारी तीन प्रथिने पुरवली. एका पेशीपासून इवलेसे आतडे उभे राहिले. त्यात खाचा होत्या, अस्तर होते आणि निरनिराळ्या कामांच्या पेशी आपापल्या जागी होत्या. अशा रचनेला ऑर्गनॉइड म्हणतात. विल्सन यांच्या स्पंजानंतर १०२ वर्षांनी त्यांचा रस्ता मोठा राजमार्ग झाला.

दुसऱ्या बाजूने जपानमधून मदत आली. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी पुन्हा मूलावस्थेत नेल्या. आता कोणाच्याही त्वचेच्या पेशीपासून त्याच्याच यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे ऑर्गनॉइड वाढवण्याची वाट खुली झाली. २०११ मध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने उंदराच्या मूलपेशींपासून डोळ्याच्या वाटीसारखी रचना मिळवली. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन नोब्लिश यांनी माणसाच्या मेंदूसारखी, काही मिलिमीटरांची रचना वाढवली.

फुगण्याची परीक्षा

या गोळ्यांवर औषध तपासायचे कसे? याचे एक सुंदर उदाहरण सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाचे आहे. यात पेशीपटलावरील क्लोराइडचा मार्ग बिघडतो, आणि फुप्फुसांत आणि आतड्यांत चिकट स्राव साठतो. याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. त्यातील बदलांचे दोन हजारांहून अधिक प्रकार नोंदले आहेत, आणि काही प्रकार इतके विरळ आहेत की चाचणी घ्यायला पुरेसे रुग्णच मिळत नाहीत.

२०१३ मध्ये उट्रेख्टच्या संशोधकांनी एक युक्ती काढली. रुग्णाच्या गुदाशयातून नखाएवढाही नसलेला तुकडा घेऊन आतड्याचे ऑर्गनॉइड वाढवायचे आणि त्यांत फोर्सकोलिन घालायचे. फोर्सकोलिनमुळे क्लोराइडचा मार्ग उघडतो, क्लोराइडपाठोपाठ पाणी आत जाते आणि निरोगी ऑर्गनॉइड तासाभरात फुगतो. रोग्याचा फुगत नाही. योग्य औषध दिले तर मात्र रोग्याचाही फुगू लागतो. संशोधकाने मोजायचे ते फक्त गोळ्याच्या प्रतिमेचे क्षेत्रफळ. तेही ९६ खळग्यांच्या पट्टीत, संगणकाच्या मदतीने.

हे फोर्सकोलिन आपल्या ओळखीचे आहे. ज्याच्या मुळांचे लोणचे घालतात त्या माईनमुळ्यातून ते मिळते, आणि १९७०च्या दशकात मुंबईच्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळे करून त्याची रचना मांडली होती.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ऑर्गनॉइड किती फुगतो यावरून रुग्णाला औषधाचा किती उपयोग होईल याचा अंदाज बांधता येतो असे दिसले. विरळ बदल असलेल्या रुग्णांसाठीही तो उपयोगी पडला. ज्यांच्यासाठी औषधाची चाचणीच होणे शक्य नव्हते, त्यांची चाचणी त्यांच्याच पेशींवर झाली. कर्करोगातही असेच काम झाले. २०१८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी पचनमार्गाच्या पसरलेल्या कर्करोगाचे ऑर्गनॉइड तपासले. ज्या औषधाला गोळ्याने दाद दिली नाही, त्याला रुग्णाच्या गाठीनेही दिली नाही. गोळ्याने दाद दिली तेव्हा शंभरातील ८८ वेळा रुग्णालाही गुण आला.

घाऊक चाळणीची अडचण

पण लाखो रसायनांमधून औषध शोधायचे असेल तर? हिशेब करून पाहू. १ लाख रसायने, प्रत्येकाच्या ३ मात्रा आणि प्रत्येक मात्रेची ३ वेळा तपासणी, म्हणजे ९ लाख खळगे. ३८४ खळग्यांच्या २३४४ पट्ट्या! सपाट पेशी एक-दोन दिवसांत तयार होतात, तर ऑर्गनॉइडना कित्येक आठवडे लागतात. २०१८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील गटाने मूलपेशी पेरण्यापासून मोजणीपर्यंत सारे काम यंत्रमानवाकडून करून घेतले आणि २१ दिवसांत ३८४ खळग्यांच्या पट्टीत मूत्रपिंडाचे ऑर्गनॉइड वाढवले. खळग्यांची पट्टी आणि विल्सन यांचा गोळा अशी १९०७ पासून दुरावलेली दोन घराणी इथे एकत्र आली.

तरी अडचणी आहेत. सगळे गोळे एकाच आकाराचे होत नाहीत, आणि वरच्या गणिताप्रमाणे आकार बदलला की उत्तर बदलते. उंदराच्या गाठीपासून केलेली जेली प्रत्येक खेपेला थोडी वेगळी असते, म्हणून ठरावीक घटकांच्या कृत्रिम जेली बनवल्या जात आहेत. बहुतेक ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशी नसतात, आणि अनेकांची वाढ गर्भावस्थेच्या टप्प्यावरच थांबते. त्यामुळे पहिली मोठी चाळण अजून बहुधा सपाट पेशींवरच होते, आणि तिच्यातून उरलेली थोडी रसायने गोळ्यांवर तपासली जातात.

कायद्यानेही हा बदल ओळखला आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत एका विषारी औषधी द्रवाने शंभराहून अधिक बळी घेतले, त्यानंतर १९३८ चा औषधकायदा आला आणि प्राण्यांवरील चाचणी त्या व्यवस्थेचा आधार बनली. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे या चाचणीची सक्ती काढली गेली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही आपल्या नियमांत मानवी पेशींवर आधारित पद्धतींना जागा दिली. प्राण्यांवरील चाचण्या बंद झालेल्या नाहीत, फक्त त्या एकच मार्ग राहिल्या नाहीत.

मग फियालुरिडिनसारखे औषध आज वेळीच पकडले जाईल का? २०२१ मध्ये ताकानोरी ताकेबे यांच्या गटाने बाजारात आलेली २३८ औषधे माणसाच्या यकृताच्या ऑर्गनॉइडवर ३८४ खळग्यांच्या पट्टीत तपासली. यकृताला घातक म्हणून माहीत असलेल्या औषधांपैकी सुमारे ८९ टक्के त्यांत पकडली गेली. हा आकडा मोठा आहे, पण विद्यार्थ्यांना त्याची दुसरी बाजूही विचारावी. उरलेली ११ टक्के, म्हणजे दर नऊ घातक औषधांमागे एक, या चाळणीतूनही निसटते. ते कोणाच्या शरीरात जाईल, आणि ते अडवायला आणखी कोणती चाळण हवी, यावर वर्गात एक तास चर्चा सहज होऊ शकेल.